मुलीचा मामा

दर पंधरा दिवसांनी, शनिवारी, तळ्याजवळच्या एका शाळेच्या वर्गात आम्ही जमायचो. कुणाचा मुलगा आजारी, कुणाची बायको, माझा धाकटा भाऊ. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचं आणि आपापलं मन मोकळं करायचं. सांभाळून थकलेल्यांना तेवढाच आधार. मी तिथली जुनी. कुणी नवीन रडायला लागलं की गट चालवणाऱ्या बाई माझ्याकडे बघायच्या आणि मी सुरू व्हायचे, "लपवू नका. आजार आहे, चोरी नाही. त्याला चारचौघांत घेऊन जा." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मला बघूनच कुणीतरी केली असावी.

आई गेल्यापासून भाऊ माझ्याकडेच. त्याच्या कानात माणसं बोलायची. गोळ्या नियमित झाल्या तशी ती गप्प झाली होती. त्यातच माझ्या मुलीचं लग्न उरणकडच्या घरात ठरलं. आमच्यात नवरीला मामा मांडवात आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. मुलीने त्याला सांगून टाकलं, "मामा, तूच उभा राहायचं हां." तेव्हापासून तो रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात खुर्चीमागे उभा राहून सराव करायचा. पाठीला रग लागली तरी जागचा हलायचा नाही. "ताय, मी हाललो का गं?" असं मध्येच विचारायचा. गोळीसुद्धा आठवणीने मागून घ्यायचा. असे चार महिने.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," नवरा म्हणाला. "उरनवाल्यांना आपन काय सांगितलंय? शांत सभावाचा हाय. तिथं काय बरळला तर?"

नवऱ्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण लाज मलाच वाटत होती. त्याचे थरथरणारे हात, गोळ्यांनी सुटलेलं पोट, आणि समोर व्हिडिओवाला. मला तो तिथे नको होता.

लग्न रविवारी होतं. मी त्याला सोमवार सांगितला. आपट्याला आमची आत्या असते, ती गुडघ्यांमुळे लग्नाला येणार नव्हती. "तिला सोबत हवी, सोमवारी सकाळी गाडी पाठवते," म्हणून त्याला गुरुवारीच तिच्याकडे धाडला. आत्याला सगळं ठाऊक होतं, तिनेही तोंड उघडलं नाही. मुलीला म्हटलं, मामाला बरं नाही. ती रडली, मग मेकअपवाली आली. रविवारी एक चुलतभाऊ मामा म्हणून उभा राहिला. तो मंगलाष्टकांतही मोबाइल बघत होता.

सोमवारी मी गाडी पाठवायच्या आधीच भाऊ पहिल्या बसने आला. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात नारळ. मांडववाले बांबू सोडत होते.

"ताय, पोर कुठं हाय?"

"सासरी गेली. काल लगीन झालं."

"काल? तू सोमवार बोललीस ना?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मांडववाले हातातलं काम थांबवून बघत होते.

"मी रविवारच बोलले व्हते तुला," मी म्हणाले.

तो चिडेल, नारळ आपटेल असं मला वाटलं. आपटला असता तर बरं झालं असतं. तो माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग घाबरला. नारळ त्याने माझ्या हातात दिला.

"मंग ती तू नव्हतीस, ताय," तो हळूच म्हणाला. "ते परत बोलाया लागले. तुझ्या आवाजात."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना त्याने स्वतःहूनच सगळं सांगितलं. आवाज परत आलेत, या वेळी बहिणीचा आवाज काढतात. डॉक्टरांनी मला विचारलं, "घरी तुम्हाला काय जाणवलं?"

"वार विसरतो," मी म्हणाले. त्यांनी गोळी वाढवली.

मी अजूनही शनिवारी त्या बाकावर जाऊन बसते. तो आता दिवसातला बराच वेळ झोपलेला असतो. जेवायला हाक मारली की लगेच येत नाही. आधी दारातून डोकावतो, आणि मी पुन्हा हाक मारेपर्यंत माझे ओठ हलतात का ते बघत उभा राहतो.