माय म्हणजे पाणी

आखातात, देऱ्यातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये उपेंद्र महाजन बावीस वर्षं लोकांचे अरबी अर्ज भरत होता. माणूस खानदेशातल्या पारोळ्याचा, पण अरबी बोलायला लागला की समोरचा अरब हटकून विचारायचा, तू कुठला? तेवढ्या एका प्रश्नावर उपेंद्रचे आठ दिवस सुखात जायचे. बायको मनोरमाची उर्दूमिश्रित हिंदी आणि लेक केयाचं शाळेत नऊ वर्षं शिकूनही मोडकं राहिलेलं अरबी, दोन्हींची त्याने पाहुण्यांसमोर मनसोक्त चेष्टा केली होती.

अल बर्शाच्या घरी अबरेहेत कामाला आली आणि त्याच्या विद्वत्तेला खाणच सापडली. इथिओपियाच्या उत्तरेला, अडवा गावाजवळ तिचं घर. बोली तिग्रिन्या. अरबी इथे येऊन कामापुरती शिकलेली, आणि उपेंद्रशी ती त्याच अरबीत बोलायची. डोळ्याला अरबीत ऐन, तिच्याकडे ऐनी. रक्ताला इकडे दम, तिकडे देम. उपेंद्रने वही केली. पोरगी भांडी घासत असली तरी हा वही घेऊन ओट्यापाशी उभा. चार महिन्यांनी महाराष्ट्र मंडळात त्याचं व्याख्यान होतं, त्याचीच ही तयारी होती.

त्याचं म्हणणं असं, की तीन हजार वर्षांपूर्वी येमेनचे लोक तांबडा समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेले, त्यांनी भाषाही नेली आणि लिपीही. तिथे गीझ भाषा रुजली. ती आता आपल्या संस्कृतासारखी फक्त पूजापाठात उरली, आणि तिच्या कुळातल्या तिग्रिन्या, अम्हारिक वगैरे डोंगरांतून दक्षिणेकडे पसरत गेल्या. अबरेहेत हे निमूट ऐकायची. एकदाच म्हणाली, आमच्या जवळच येहाला जुनं दगडी मंदिर आहे, तिथल्या शिळांवर तुम्ही म्हणता तसली अक्षरं आहेत, लहानपणी मी त्यांवर बोट फिरवलंय. पण अक्षरं होडीतून आली म्हणून बोलणंही होडीतूनच आलं कशावरून? ते आधीपासून तिथेच असेल. हल्लीचे काही अभ्यासकही हीच शंका काढतात, हे उपेंद्रने वाचलं होतं. पण कामवालीच्या तोंडून ती ऐकून घेणं त्याच्या पचनी पडेना. त्याने तिला लादी पुन्हा पुसायला लावली.

मार्चमध्ये त्याच्याकडेच राहणाऱ्या आईला, सत्यभामाबाईंना, अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण शब्द गेले. दोन-चारच उरले, त्यांतला एक 'माय'. एकोणऐंशी वर्षांची बाई दिवसभर आपल्या कधीच गेलेल्या आईला हाक मारत पडायची. घरच्यांनी पहिले दोन दिवस डोळे पुसले, तिसऱ्या दिवसापासून सवय झाली. म्हातारं माणूस, मारतंय हाका.

दवाखान्यातून सोडताना नर्सने उपेंद्रला बजावलं होतं. आजींना साधं पाणी द्यायचं नाही. गिळण्याची ताकद गेलीय, पाणी फुप्फुसात उतरेल. ही पावडर घालून मधासारखं दाट करायचं आणि चमच्याने पाजायचं. जेवण मनोरमा सकाळी शाळेत शिकवायला जाण्याआधी दाट करून ठेवणार होती. दिवसभर आजींपाशी असणार अबरेहेत. तिला अरबीत नीट समजावून सांगायचं काम साहजिकच उपेंद्रचं.

तो पावडरीचा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेलाही. "पाणी," म्हणून त्याने सुरुवात केली आणि तिथेच त्याच्यातल्या पंडिताने उचल खाल्ली. तुमच्यात पाण्याला काय म्हणतात?

"माय," ती म्हणाली.

उपेंद्र अक्षरशः नाचला. इथले अरबही पाण्याला मायच म्हणतात! तीन हजार वर्षं, मध्ये अख्खा समुद्र, आणि शब्दाला ओरखडा नाही. डबा ओट्यावर ठेवून तो वही घेऊन आला. अर्धा तास तो तिला तिच्याच भाषेचा इतिहास सांगत होता. वहीत तारीख घालून त्याने लिहिलं, 'इकडे पाणी, तिकडे पाणी, आमच्याकडे आई.' आपल्याच वाक्यावर खूश होऊन मेट्रो गाठली. डबा ओट्यावरच राहिला.

सत्यभामाबाई "माय, माय" म्हणायच्या, घरातलं कुणी मान वर करायचं नाही. अबरेहेत तेवढी हातातलं काम टाकून धावायची. म्हातारीचं डोकं मांडीवर घ्यायची आणि पेल्याने पाणी पाजायची. ठसका लागला की पाठ चोळायची. उशाशी रिकामा पेला दिसला की मनोरमाला वाटायचं, पावडर घालूनच दिलं असणार. पोरगी मायेची आहे, असंही ती मैत्रिणींना सांगायची, आणि ते खरंच होतं.

तीन आठवड्यांनी ताप चढला. फुप्फुसं भरली होती. पाचव्या दिवशी सत्यभामाबाई गेल्या. साधं पाणी कुणी दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. घरी आल्यावर मनोरमाने अबरेहेतला समोर उभं केलं. तिने लपवलं नाही. पलंगाकडे, मग पेल्याकडे बोट दाखवत खुणांनीच सांगितलं, आजी मागायच्या, मी द्यायची, माय म्हणायच्या ना.

"अगं, ती आईला बोलवत होती!" मनोरमा ओरडली. मग नवऱ्याकडे वळली. "तुम्ही हिला पावडरीचं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," उपेंद्र म्हणाला. "तीनदा."

अबरेहेतला मराठी कळत नव्हतं, चेहरे कळत होते. ती रडत अरबीत बोलू लागली. त्या दिवशी सर शब्द लिहीत होते. पावडरीचं सरांनी सांगितलं नाही. "सर मा गाल," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सर, तुम्हीच सांगा यांना.

घरात अरबी नीट येणारा तो एकटा. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"ती म्हणतेय, विसरले," उपेंद्रने भाषांतर केलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. तिच्या व्हिसा रद्दचा अर्ज उपेंद्रनेच टाइप केला. कामातला निष्काळजीपणा, असं कारण घातलं, शुद्ध अरबीत, एकही चूक न करता. जाताना ती सत्यभामाबाईंच्या फोटोपाशी थांबली आणि पाण्याचा भरलेला पेला ठेवून गेली. मनोरमाने तो बेसिनमध्ये ओतला.

व्याख्यान ठरल्याप्रमाणे झालं. माणसात थोडी जरी लाज असती तर तो एक शब्द त्याने गाळला असता. पण शब्द इतका सुरेख होता! "इकडे पाणी, तिकडे पाणी, आमच्याकडे आई," तो म्हणाला आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. पडद्यावर वहीचं पान दाखवलं होतं, कोपऱ्यातल्या तारखेसकट. आजींना घरी आणलं ती तारीख. मनोरमा ती वाचत राहिली, टाळी वाजवायची तिला आठवण झाली नाही.

घरात आल्यावर केया, जी एरवी इंग्लिशशिवाय उत्तर द्यायची नाही, स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबा, नऊ वर्षं अरबी शिकलेय मी. 'मा गाल' म्हणजे 'सांगितलं नाही', एवढं मला येतं. त्या दिवशीही येत होतं."

उपेंद्र सोफ्यावर बसला. बोलून बोलून घसा सुकला होता. त्याने पाणी मागितलं. मनोरमाने ऐकलं, केयानेही ऐकलं. कुणी उठलं नाही.