शेजारच्या प्लॉटची वीतभर माती

मित्रांनो, वाफे मी बांधले, खताचा खड्डा मी खणला, चाळणीची चौकट मी ठोकली. आणि माती, हो, मातीसुद्धा मीच तयार केली. कुणी शिकवलं नाही.

वृंदावन योजना या आमच्या वसाहतीत शेजारचा रिकामा प्लॉट जोशीसाहेबांचा. "पडूनच आहे, लाव काहीतरी," असं तेच म्हणाले होते. तेव्हा ती ऊसर जमीन होती. वर पांढरा क्षार, पाणी मुरायचंच नाही. मी वर्षानुवर्षं जिप्सम आणि शेणखत घातलं, ढैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून जमिनीत गाडलं. मग माती रवाळ झाली, तिच्यात हवा खेळू लागली, गांडुळं आली.

आज दुपारी ऑफिसातून आलो, तर वरची वीतभर माती खरवडून नर्सरीवाल्याच्या ट्रॉलीत भरलेली! साहेबांनी विकली होती.

"अहो, हे काय केलंत?"

"मिट्टीच तर आहे यार! खाली अजून भरपूर आहे."

खाली आहे ती कंकर आणि घट्ट चिकणमाती. तिच्यात मुळांना हवा मिळत नाही. हे मीच त्यांना मेथीची जुडी देताना कितीदा सांगितलं होतं.

प्लॉट त्यांचा, मान्य. पण ती माती कुणाची? तुम्हीच सांगा.

वर म्हणाले, "रागावू नकोस, अर्धे तुझे." चार हजार रुपये पुढे केले. मी घेतले नाहीत.