मध नाही, काकू

“बसा बाप्पा,” असं काकू आपल्या गुडघ्यांना सांगत आणि मग भिंतीला धरून खाली टेकत. गुडघे कटकन वाजत. “पाहा, कसे उलटून बोलतेत,” म्हणून त्याच हसत. अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. शिरपूरला मी एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. काकू शेजारच्या, जैन, पक्क्या नेमाच्या. विहिरीचं पाणी गाळलं की फडकं धुऊन ते धुवण परत विहिरीत सोडत. तेही वरून ओतून नाही. भांडं दोरीनं पार पाण्यापर्यंत नेऊन अलगद कलतं करायचं, नाहीतर त्यातले जीव मरतात. दुखऱ्या गुडघ्यांनी काठावर बसून हे रोज.

सांधे झिजलेत, झीज काही भरून येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला डॉक्टरांपेक्षा शहाणं व्हायचं होतं. कपाटात ताकदीच्या सोनेरी गोळ्या होत्या, माशाच्या तेलाच्या. त्यांनी सांधे मोकळे होतात, असं कानावर आलं होतं. त्या मी काकूंना दिल्या.

काकूंनी एक गोळी उजेडात धरली. “यात मध त नाही ना, भाऊ?” मधही त्यांना वर्ज्य.

“मध नाही, काकू.”

ते खरंच होतं. गोळीत मासा असेल, हे त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं. माझ्या मनात होतं.

हिवाळाभर त्यांनी त्या घेतल्या. गुडघे वाजतच होते, पण आराम आहे म्हणत. गल्लीत माझं नाव झालं.

वैशाखात डबीतल्या गोळ्या वितळून फुटल्या. काकू डबी घेऊन दवाखान्यात आल्या, माझ्यासमोर ठेवली. वास लपणारा नव्हता.

“तुले मालूम होतं का?”

“नाही, काकू.”

रागावल्या असत्या तर कदाचित बोललो असतो. त्या म्हणाल्या, “मंग तुहा दोष कमी हाये. पन लागतेच. माहे उपास झाले का तुह्या नावानं बी एक धरीन. तुह्याच्यानं नाही व्हनार.”

माझ्या उपासाला त्यांनी पाणीही घेतलं नाही. तसल्या उकाड्यात दिवसभर ओसरीवर माळ घेऊन बसल्या. संध्याकाळी उठता येईना, तेव्हा मीच हात दिला. “झालं, फिटलं तुहं,” म्हणाल्या.

काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या नावाचा उपास त्यांनी धरला, त्या दिवशी मी दोन्ही वेळा जेवलो होतो. भूकही चांगली लागली होती.