डावऱ्या सासऱ्यांचा सोगा

देवनहळ्ळीच्या पलीकडे आमच्या खंडोबाचं लहानसं देऊळ आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी देव पालखीतून शिकारीला निघतो. शिकार म्हणजे केळीचा खांब. त्याला गोणपाट गुंडाळायचं, सुळे म्हणून दोन मुळे खोचायचे, झालं डुक्कर! देवाच्या वतीनं बाण मारायचा मान आमच्या घराचा. सासरे होते तोवर त्यांनी मारला. ते गेल्यावर आमच्या ह्यांच्याकडे, म्हणजे प्रतापरावांकडे आला. हे कारखान्यात फिटर.

पंच्याण्णव साली ह्यांचा बाण पुजाऱ्याच्या छत्रीत शिरला. शहाण्णव साली चिंचेवर अडकला. दोन्ही वर्षं देव उपाशी परतला. ह्यांचे चुलतभाऊ विठोजी भर गर्दीत म्हणाले, "प्रतापअण्णा, पुढच्या वर्षी डुकरालाच स्वल्प जवळ बोलवू का?" लोक हसले. पंच हसले नाहीत. तिसऱ्यांदा चुकलात तर मान विठोजींच्या घरी, असं त्यांनी सांगून टाकलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळा दोष धनुष्यावर गेला. "बांबूला बाक आलाय," म्हणाले. धनुष्याला बाक नसेल तर कशाला असेल, असं मी मनातच म्हटलं.

आमच्या शहरातही एक शिवाजीनगर आहे, तिथे हयवदन म्हणून एकाचं खेळांच्या सामानाचं दुकान होतं. ह्यांनी मलाही नेलं. त्यानं विचारलं, "ओढ किती पौंडांची पाहिजे, सार?"

"पन्नास," हे म्हणाले. जसे काही बटाटे घेत होते.

धनुष्य हातात आलं. ह्यांनी दोरी ओढली. मिशा थरथरल्या, दोरी वीतभर हलली. हयवदननं न हसता दुसरं पुढे केलं. "अठ्ठावीसचं घ्या. कॉलेजच्या मुली हेच वापरतात."

घेतलं तेच. घरी मात्र पस्तीस सांगितलं.

पुजाऱ्यांची परवानगी काढायला गेलो, तर ते म्हणाले, "गाभाऱ्यात ट्यूबलाइट चालते, मग फायबरचं धनुष्य का नको?" झालं! ह्यांच्या उत्साहाला ऊत आला. उन्हाळ्यात दोरी बदलली. श्रावणात लाकडी बाण जाऊन ॲल्युमिनियमचे आले. दसऱ्याला बोटांसाठी चामड्याची टोपणं. जयनगरच्या आमच्या परसात बनियन-लुंगीवर सराव चालायचा. शेजारच्या केळी घड देऊन मोकळ्या झाल्या की त्यांचे खांब आमच्याकडे. दिवाळीपर्यंत वीस पावलांवरून दहातले नऊ बाण बसायला लागले. फाटलेला खांब टाकवत नाही, म्हणून मी आतल्या गाभ्याची कोशिंबीर करायची. आठ महिने आम्ही डुक्करच खात होतो म्हणा ना.

संक्रांतीच्या आधी मानाचा फेटा धुवायला काढला. उजव्या खांद्यावर रुळणाऱ्या सोग्यावर मेणाचा काळा पट्टा होता, घासूनही निघेना. मेण आम्ही धनुष्याच्या दोरीलाच लावतो. मी तशीच परसात गेले.

"अहो, दोरी सोग्यात अडकते. बांबूचा काही दोष नव्हता. सोगा डावीकडे घ्या."

"बाबा उजवीकडेच घ्यायचे."

"मामंजी डावरे होते! त्यांची दोरी डाव्या गालाशी यायची."

हे म्हणाले, "रीत आहे ती. बायकांनी त्यात पडू नये."

मी फेटा वाळत घातला.

तो दिवस आला. ढोल, भंडारा, मुळ्यांचं डुक्कर. ह्यांनी दोरी ओढली आणि सोगा दोरीखाली गेला. मी डोळे मिटून म्हटलं, मल्हारी, तुलाही भूक लागली असेलच की. डोळे उघडले तर ह्यांनी धनुष्य खाली केलं होतं आणि सगळ्यांदेखत माझ्याकडे बघत होते.

"मामंजी डावरे होते!" मी ओरडले. लग्नानंतर एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच.

"वैनी, रीत ती रीत," विठोजी म्हणाले.

म्हातारा ढोलवाला शिवाप्पा मध्येच हसला. "खरंय अक्कांचं. मोठे धनी एडगै! जेवायलासुद्धा डावा हात पुढे यायचा, मग त्यांची आई रागवायची."

ह्यांनी सोगा उचलून डाव्या खांद्यावर टाकला. बाण सुटला. डुक्कर आडवं झालं आणि एक मुळा उडून विठोजींच्या पायाशी पडला.

परत येताना बसमध्ये हे सगळ्यांना सांगत होते, "पस्तीस पौंडांचं आहे. हाताला वजन लागतं."

रीतीप्रमाणे मारलेली शिकार मानाच्या घरी येते. अख्खा खांब माझ्या मांडीवर होता, आणि घरी दही आहे की नाही, एवढाच विचार मी करत होते.