कुशीत ठेवलेली पुडी

माझं बालपण भद्रावतीच्या कारखाना कॉलनीत गेलं. वडील सायकलला दोन कुलपं लावत आणि तरीही ती घरात आणून ठेवत. असल्या घरातला मी नव्वदच्या दशकात जिवतीच्या डोंगरावर मास्तर म्हणून गेलो, तेव्हा तिथल्या लोकांची लपवायची तऱ्हा पाहून मला हसूच आलं.

बस खालीच थांबायची. पुढे दोन तासांची पायवाट. परतताना लागणारी वस्तू दिवसभर कोण वागवणार? लोक ती वाटेतच ठेवून जात, आणि त्या ठेवण्याला नावं होती. झाडाच्या दोन मुळांमध्ये ठेवली की ‘कुशीत’, ढोलीत ठेवली की ‘पोटात’, फांदीच्या बेचक्यात ठेवली की ‘खांद्यावर’. वाटेवरची ठरलेली झाडं सगळ्यांना ठाऊक होती. वरून चार पानं टाकत, तीही अशी की आतली कुऱ्हाड अर्धी दिसायचीच. याला काय लपवणं म्हणायचं, असं मी मनात म्हणे.

पायवाटेच्या फाट्यापलीकडच्या गुड्यावर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर, एका बाईला टीबी झाला होता. माझ्या शाळेच्या गावातल्या नर्सबाईंना दर वेळी तिकडे जाणं जमत नसे. मी एक शनिवार आड घरी जायला उतरे, तेव्हा त्या गोळ्यांची पुडी माझ्याकडे देत. “गुरुजी, एक दिवसही खाडा नको,” असं दर वेळी बजावत. मी पुडी फाट्यावरच्या मोहाच्या कुशीत ठेवी. दुसऱ्या दिवशी बाईचा नवरा ती नेई आणि माझ्यासाठी पानात बांधून वालाच्या शेंगा, कधी चारोळी ठेवून जाई.

दिवाळीच्या सुट्टीला उतरलो तेव्हा फाट्यावर बांबूतोडीची अनोळखी माणसं बिड्या ओढत बसली होती. माझी कॉलनी जागी झाली. वीस पावलं आत जाऊन एका दगडांच्या ढिगात पुडी खोल घातली, वर दगड पूर्वीसारखे रचले. आपण किती हुशार, असं वाटलं. नवऱ्याला कसं कळेल? शोधेल की! एवढाच विचार करून मी बस पकडली आणि घरी चकल्या खाल्ल्या.

तीन आठवड्यांनी परतलो तर मोहाच्या बुंध्याभोवतीची माती उकरलेली होती. पालापाचोळा लांबवर बाजूला सारलेला. ढोलीचा भुसाही खरवडून काढलेला. शेजारच्या दोन झाडांचीही तीच गत. पुडी मात्र दगडांखाली जशीच्या तशी होती. मी ती उपसून काढली.

तसाच गुड्यावर गेलो. बाई दारात उन्हाला बसली होती, शेजारी थुंकायला राखेचा डबा. निम्मी झाली होती. मी सगळं सांगितलं. नवऱ्याने पुडी दोन्ही हातांनी घेतली. त्याने मला शिव्या घालायला हव्या होत्या. तो खरंच न कळून विचारत होता, “काऊन जी गुरुजी, कोनापासून लपवलं? इथी तर आमीच येतो.”



नर्सबाईंनी उपचार पहिल्यापासून सुरू केले. मी पुन्हा पुड्या कुशीत ठेवू लागलो. बाई पुढच्या उन्हाळ्यात गेली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनंच होतं, तीन आठवड्यांचं मनाला लावून घेऊ नका. ते माझ्यासाठी बोलले, हे मला कळत होतं. माझा त्यावर आजही विश्वास नाही.

ती गेली त्यानंतरच्या शनिवारी मी उतरलो तेव्हा हातात पुडी नव्हती. तरी मोहाजवळ पाय थांबले. कुशीत, वर दोन पानं टाकून, तिच्या उरलेल्या गोळ्या परत ठेवलेल्या होत्या. शेजारी पळसाच्या पानात माझ्यासाठी मूठभर चारोळी. दोन्ही गोष्टी वाटेवरूनच दिसत होत्या.