सातवी पट्टी

पिंपरीत तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. मी रोज चिंचवड स्टेशनवर उतरायचो. बाहेर चिंचेखाली एक बाई बाळांची टोपडी शिवून विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. दोरा दातानं तोडायची आणि शिवलेलं टोपडं आधी स्वतःच्या गुडघ्यावर चढवून बघायची. मांडीवर तिची वर्षाची लेक, डोक्यावर रंगीबेरंगी पट्ट्यांचं टोपडं.

"झकास शिवलंय की," मी एकदा म्हणालो.

"हौसेनं न्हाई, दादा. पोरीच्या डोक्यात पानी साठतंय. डोकं वाढंल तशी म्हैन्याला एक पट्टी जोडती."



गाववाले देवऋषीकडं जा म्हणत होते. ती टोपडं घेऊन मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेली. किती दिवसांत किती वाढलं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तिनं पट्ट्याच मोजून दाखवल्या. "ही दसऱ्याची, ही दिवाळीची, ही संक्रांतीची." डॉक्टरांनी त्याच आठवड्यात ऑपरेशन केलं.

मधले महिने चिंचेखालची तिची जागा रिकामीच होती. पुढल्या हिवाळ्यात ती मला पुन्हा दिसली. लेक तिचं बोट धरून चालत होती.

"सातवीवर थांबलं, दादा! वरीस झालं, आठवी लागली न्हाई!"

तेवढ्यात पोरीनं टोपडं ओढून रस्त्यात भिरकावलं. कानामागची लांब खूण उघडी पडली. मी टोपडं उचलून दिलं, तर बाईनं ते पिशवीत कोंबलं.

"ऱ्हाऊ द्या उघडं," ती हसली, "बघू द्या समद्यांला!"