मोघे सरांची माघार

मोघे सर कुठलीही वस्तू आधी हुंगत. परीक्षानळी तर सोडाच, ग्रंथालयातलं पुस्तक, घरून आलेला डबा, नवा रुमाल, सगळं नाकाशी जाई. "कुसुमबाई, रंग धोका देतो, वास नाही देत," असं पहिल्याच दिवशी म्हणत त्यांनी मी धुऊन आणलेलं काचपात्र हुंगलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. "पुन्हा धुवा. साबण आहे अजून."

इंदूरच्या त्या कॉलेजात संशोधन करणारी मी त्यांची पहिली विद्यार्थिनी. माझे वडील होळकर दरबारातून निवृत्त झालेले. मुलीने लग्नाआधी भट्टीपाशी उभं राहावं हे त्यांना पसंत नव्हतं, पण सरांचं नाव ऐकून कबूल झाले.

नाव होतंच. महूच्या बाजूला मिळणाऱ्या एका पांढऱ्या मातीपासून सरांनी उत्प्रेरक तयार केला होता. स्पिरिटची वाफ त्यावरून नेली की तिचा इथिलीन वायू होई, आणि तोही परदेशातल्या लोकांना लागे त्यापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला. निबंध तिकडच्या नियतकालिकात छापून आला. मध्यभारत नवं राज्य होतं, त्याला मिरवायला काहीतरी हवंच होतं. मंत्र्यांच्या हस्ते शाल, श्रीफळ, भाषणं सगळं झालं. माझा प्रबंधही त्याच मातीवर चालला होता.

एका दुपारी सरांनी भट्टीत शुद्ध शिशाचा तुकडा ठेवला. का, ते बोलले नाहीत. मीटरवरचं तापमान शिसं ज्या तापमानाला वितळतं त्याच्या बरंच खाली होतं. चिमट्याने बशी बाहेर काढली, तर तुकड्याच्या जागी चकचकीत थेंब. सरांनी मीटरच्या काचेवर बोट टेकवलं.

"मीटर कमी दाखवतंय. पहिल्यापासून. मातीत काही कमाल नाही, कुसुमबाई. भट्टीच जास्त तापत होती."

प्राचार्य भले गृहस्थ. म्हणाले, "मोघेजी, मीटर खराब निघालं त्यात तुमची क्या गलती? चुपचाप बसा. कोण बघायला येतंय?"

सर खाली मान घालून म्हणाले, "ते तपासून घ्यायचं काम माझं होतं, साहेब. निकाल आवडला, म्हणून नाही तपासलं."

नियतकालिकाला पत्र गेलं. पण सत्कार या गावात झाला, तेव्हा सांगायचंही गावातच, असा सरांचा हट्ट. दिलेली शाल परत कशी घ्यायची हेच सत्कार समितीला कळेना. त्यांनी सभेला नकार दिला. शेवटी कॉलेजच्या विज्ञान मंडळात सर उभे राहिले, शाल घडी घालून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगू लागले. मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने हुंगल्याचा आवाज काढला. सभागृह हसलं. सरांचे कान लाल झाले. हसणं थांबेपर्यंत ते थांबले, आणि मग अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. मी पहिल्या रांगेत होते, शेजारी मोघेकाकू. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात सर आमच्या घरी आले आणि दारातच उभे राहिले. "तुमच्या मुलीची मेहनत मी वाया घालवली. आत बसायची लाज वाटते."

वडिलांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. "बसा. आणि हिचं काम पुन्हा केव्हापासून, ते सांगा."

माझा प्रबंध उशिरा पुरा झाला. निष्कर्ष एवढाच, की ही माती इतर मातींसारखीच आहे. सर मात्र पुन्हा कधी व्यासपीठावर चढले नाहीत. कुणी फारच आग्रह केला तर इंदुरी थाटात म्हणत, "शरम अजून जुनी नाही झाली, भिया."

मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत सर गेले. शोकसभेत एक वक्ते भरल्या गळ्याने म्हणाले, "कमी तापमानावर चालणारा त्यांचा तो उत्प्रेरक म्हणजे इंदूरची शान!" माना डोलल्या. काकू पदराचं टोक मुठीत घेऊन जमिनीकडे बघत होत्या.

मी उठले. "माफ करा, तो शोध चुकीचा होता. सरांनी स्वतः मागे घेतला होता."

"अहो, आज तरी!" कुणीतरी ओरडलं. सगळ्या नजरा माझ्यावर. चेहरा भाजल्यासारखा झाला. सरांना मीच पुन्हा सर्वांसमोर उभं केलं होतं. बसावं की बाहेर जावं, कळेना. तेवढ्यात काकूंनी मनगट धरून मला खाली ओढलं.

"बरं केलंस," त्या पुटपुटल्या. "मी कधीची उठायचं म्हणत होते. पायच उचलेना."